मदत हवी आहे: गोंगाटाच्या घरात गाणं ऐकायला चांगले क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपाचे) हेडफोन कोणते?

नमस्कार मंडळी,

हेडफोनवरचे जुने धागे चाळले. बहुतेकांना ते व्यायामशाळेत, लोकलमध्ये किंवा गेम खेळायला हवे आहेत. माझी गरज जरा निराळी, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

राहायला नाशिकला, इंदिरानगरच्या बोगद्यापासून जवळच, दुसऱ्या मजल्यावर. ऐकते मुख्यतः शास्त्रीय गायन, त्यातही विलंबित ख्याल आणि आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं. निवांत वेळ मिळतो तो संध्याकाळी सात ते साडेआठ, आणि घरातला झाडून सगळा आवाज नेमका तेव्हाच. हॉलमध्ये सासूबाईंची मालिका (त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज चाळिशीच्या खाली येत नाही), स्वयंपाकघरात कुकर आणि मिक्सर, शेजारच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास. बाहेर मुंबई-आग्रा महामार्ग. त्यात सिंहस्थाची खोदकामं. पावसाळ्यात ढोल-पथकाचा सरावही सुरू होतो. नाशिक ढोलाचं कौतुक मलाही आहे हो, पण बडा ख्याल चालू असताना नको.

अडचण अशी की ख्यालाची सुरुवात अगदी हळू असते. गायक षड्जावर रेंगाळतो, मंद्रात उतरतो, आणि ते सगळं टीव्हीखाली बुडतं. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढे लय चढली की तबला आणि ताना कानात टोचायला लागतात. मग परत कमी करा. बोट सतत बटणावर. मला गाणं मोठं करून नको आहे, घर लहान करून हवं आहे.

माझ्या अटी अशा. वायर चालेल, उलट तीच बरी, चार्जिंगची कटकट नको. फोनला साधा जॅक नाही, यूएसबी-सी आहे. चष्मा आहे, जाड काडीचा. कानात खोल बसणारे बोंडूवाले इअरफोन सोसत नाहीत, तेव्हा ते कृपया सुचवू नका. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशी गाठतो, त्या उकाड्यात तासभर डोक्यावर राहिले पाहिजेत. आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे आतल्या खोलीत सासरे झोपून असतात, त्यांची हाक ऐकू आली पाहिजे. हे पहिल्या मागणीच्या उलट आहे ते मला कळतंय.

बजेट वीस हजारांच्या आत. वाचून वाचून चार नावं काढली आहेत: ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, सेनहायझर एचडी २८० प्रो आणि सोनी एमडीआर-७५०६. सोनीचं मॉडेल १९९१ पासून चालू आहे आणि अजून स्टुडिओत दिसतं, म्हणजे काहीतरी असणार. सेनहायझरवाले ३२ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज अडतो म्हणतात, बायरवाले १८ च्या आसपास. मग सरळ सेनहायझर घ्यावा का? की या आकड्यांत मेख आहे? डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहम (विजेला होणारा अवरोध) अशा तीन प्रकारांत येतो. फोनला कोणता झेपेल?

एम. जी. रोडला एका दुकानात विचारलं. खोकं उघडलं की घ्यावंच लागेल म्हणाले. वीस हजारांची वस्तू न ऐकता कशी घ्यायची, हाही प्रश्नच आहे. जाणकारांनी वाट दाखवावी.

---

प्रतिसाद:

ताई, न ऐकता कशी घ्यायची हा शेवटचा प्रश्न सोडून सगळ्याला उत्तर आहे :)

आधी आकड्यांची मेख. ३२ डेसिबल हा कंपनीचा 'पर्यंत' वाला आकडा. म्हणजे ज्या पट्टीत सगळ्यात जास्त अडतं तिथला. बंद कप कुठलाही असो, वरच्या पट्टीतला आवाज तो छान अडवतो. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, मालिकेतलं बोलणं हे बरंच खाली जाईल. खालच्या पट्टीत, साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली, त्याचं फार चालत नाही. ट्रकची घरघर, पंख्याची घुमघुम, ढोलाचा ठोका हे येतच राहणार.

आता तुमच्या गाण्याकडे बघा. पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असेल तर सा साधारण १३९ हर्ट्झला. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ७० च्या जवळ. महामार्गाची घरघर त्याच गल्लीत राहते. त्यामुळे खर्जाचा तळ थोडा झाकला जाईल हे धरून चला. पण तानपुऱ्याची खरी गंमत जवारीतून (तारेखालच्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठातून) सुटणाऱ्या वरच्या स्वरांत आहे, ते काही हजार हर्ट्झपर्यंत पसरतात. टीव्ही त्यांनाच खातो. ते चांगल्या बंद हेडफोनमध्ये परत मिळतील. तुमच्या घरात टीव्ही जास्त त्रास देतो की महामार्ग, यावर पुढचं सगळं ठरतं.

---

प्रतिसाद:

सोनीचा एक्सएम५ नाहीतर बोसचा क्वाएटकम्फर्ट घ्या आणि विषय संपवा. नॉइज कॅन्सलिंगशिवाय २०२० नंतर हेडफोन का घेतात लोक?

---

प्रतिसाद:

वरच्या भाऊंना अर्धं अनुमोदन. एएनसी (म्हणजे ते नॉइज कॅन्सलिंग) एकसारख्या, खालच्या आवाजावर उत्तम चालतं: पंखा, एसी, विमान, महामार्ग. बोलणं आणि अचानक येणारे आवाज त्याला तितकेसे पकडता येत नाहीत, ते शेवटी कपाच्या गादीनेच अडवावे लागतात. शिवाय आत बॅटरी असते आणि ती काही वर्षांनी दमते. साधा वायरचा हेडफोन पॅड बदलत बदलत पंधरा वर्षं वापरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. एएनसीवाल्याचं तसं होत नाही.

पण एक फायदा खरा आहे. त्यात बाहेरचा आवाज माइकने आत घ्यायची सोय असते, बटण दाबलं की सासऱ्यांची हाक येईल. फक्त ती सोय चालू ठेवली की मालिकाही आत येणार.

---

प्रतिसाद:

मीही चष्मेवाला, म्हणून फक्त तेवढंच. काडी आणि पॅड यांच्यात फट पडली की पहिला खर्ज जातो, आणि बाहेरचा आवाज त्याच फटीतून शिरतो. एचडी २८० घट्ट बसतो, म्हणून आवाज चांगला अडवतो, पण जाड काडी असेल तर अर्ध्या तासात कानामागे वळ उठतो. ८० आणि २५० ओहमच्या डीटी ७७० च्या मखमली पॅडमध्ये काडी रुतून बसते, दुखत नाही; ३२ वाल्याचे पॅड मात्र रेक्झिनसारखे असतात. एक सोपी चाचणी: तानपुऱ्याचं कुठलंही रेकॉर्डिंग लावायचं, हेडफोन चष्म्यासकट घालायचा, मग चष्मा काढून घालायचा. खर्जात फार फरक पडला तर तो हेडफोन तुमचा नाही. किंवा ऐकायला पातळ तारेच्या काडीचा जुना चष्मा ठेवा. मी तेच करतो.

उकाड्यालाही मखमलच बरी. रेक्झिनसारखे पॅड घामाने चिकटतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांची पापडी सुटायला लागते. सोनी ७५०६ चे पॅड यासाठी कुप्रसिद्ध आहेत. मखमल आवाज थोडा कमी अडवते, हे मात्र खरं.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. दोन-तीन दिवस मुद्दाम कान देऊन बसले. त्रास टीव्हीचाच जास्त आहे. महामार्गाची सवय झाली आहे, गाणं सुरू झालं की तो मागे पडतो. बोलणं मात्र मागे पडत नाही, शब्द कळतात म्हणून लक्ष तिकडे ओढलं जातं. म्हणजे एएनसीची मला तेवढी गरज नाही, असं दिसतंय.

ओहमचं कोणी सांगेल का? २५० वाला 'खरा' असं बरेच ठिकाणी वाचलं.

---

प्रतिसाद:

२५० च्या नादी लागू नका, त्याची जागा चांगल्या ॲम्पसमोर (आवाजाला जोर देणाऱ्या वेगळ्या यंत्रासमोर). गणित साधं आहे. यूएसबी-सीचा बरा डोंगल (फोनला हेडफोनची वायर जोडायचा तुकडा) साधारण एक व्होल्ट देतो. ८० ओहमला एक व्होल्ट म्हणजे साडेबारा मिलिवॅट. डीटी ७७० ची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल, म्हणजे जास्तीत जास्त १०७ पर्यंत जाईल. तुम्ही त्याच्या पुष्कळ खालीच ऐकणार. २५० ला तोच डोंगल १०२ पर्यंत नेतो. तेही चालेल, पण आकाशवाणीची जुनी रेकॉर्डिंग मुळातच हळू भरलेली असतात, तिथे हात तोकडा पडेल. ३२ ओहमवालाही फोनला चालतो आणि त्याची वायर १.६ मीटर, ८० वाल्याची ३ मीटर. खुर्चीत बसून फोनवर ऐकायचं तर तीन मीटर वायर पायात येते. कपातून वायर सुटी होत नाही हा डीटी ७७० प्रोचा जुना दोष. एम५०एक्सला सुट्या वायरी मिळतात, तीन येतात खोक्यात, आणि ३८ ओहम असल्याने फोनला अडचण नाही. मात्र त्यात खालची पट्टी मुद्दाम फुगवलेली आहे, डग्गा जरा जाडा लागेल.

डीटी ७७० ची वरची पट्टी उजळ आहे हेही सांगून ठेवतो. तार सप्तकातल्या तानेला आणि सारंगीला ती कधीकधी बोचते. फोनवरच्या इक्वलायझरने ८ हजार हर्ट्झच्या आसपास थोडं खाली घेतलं की बसते.

डोंगल घेताना एक बघा: ॲपलचा डोंगल चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण आवाज देत नाही.

---

प्रतिसाद:

दाराखालची फट बंद करा आधी. हार्डवेअरच्या दुकानात रबरी पट्टी मिळते. पडद्यांनी काही होत नाही.

---

प्रतिसाद:

ताई, आवाज वाढवण्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मान ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असं आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० ला जेमतेम ४ तास. गोंगाटावर मात करायला माणूस नकळत दहा डेसिबल सहज वाढवतो. तेव्हा बंद हेडफोनवरचा खर्च कानांसाठीच आहे असं घरी सांगा, बजेटला विरोध होणार नाही.

आणि सासऱ्यांसाठी वायरलेस बेल घ्या ना. बटण त्यांच्या उशाशी, घंटा तुमच्या टेबलावर. काही बेलना दिवाही लुकलुकतो. आमच्याकडे आईसाठी लावली आहे. हेडफोनकडून ती अपेक्षा ठेवूच नका.

---

धागाकर्ती:

बेलचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! आज मागवली, दिव्याची. त्यांनाही हाक मारून घसा कोरडा करण्यापेक्षा बरं.

त्यामुळे आता जितका आवाज अडेल तितका अडू दे, असं म्हणायला मी मोकळी. तरी एचडी २८० यादीतून काढला, कानामागच्या वळाचं वाचून. एम५०एक्सही काढला. डग्गा जाडा झाला तर ठेक्यात तोच तो ऐकू येत राहील. डीटी ७७० प्रो, ३२ की ८० ओहम, एवढंच उरलं आहे, आणि तीन मीटर वायरीचं ऐकून ३२ कडे झुकले आहे, मखमली पॅड मात्र त्याला वेगळे बघावे लागतील. दाराची पट्टीही बसवली. पाहुणे आले आणि टीव्ही बंद होता, त्यामुळे पट्टीने किती फरक पडला ते कळलं नाही. सोमवारी मालिका सुरू झाली की कळेल.

आता एकच विनंती. नाशिकमध्ये कोणाकडे डीटी ७७० असेल, कुठल्याही ओहमचा, तर दहा मिनिटं ऐकू द्याल का? माझा चष्मा आणि माझाच फोन घेऊन येईन. कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिक रोड, कुठेही. व्यक्तिगत निरोप टाका. चहा माझ्याकडून.