अनुभव धागा : आपल्या छोट्या व्यवसायाचा विपणन आराखडा तुम्ही कसा आखला?

चादरवाले, नवी पेठ
आमच्या चादर-टॉवेलच्या दुकानाला वडिलांच्या काळात जाहिरातीची गरज भासली नाही, कारण ‘सोलापुरी चादर’ हे नावच गिऱ्हाईक खेचून आणत असे. आता भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क) असूनही त्याच नावाखाली बाहेरचा हलका माल विकला जातो. त्यामुळे आपला माल कोणाला, केव्हा आणि काय सांगून विकायचा, हे कागदावर मांडल्याशिवाय निभाव लागणार नाही, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी असा आराखडा स्वतः आखून वर्षभर राबवला आहे, त्यांनी खर्चाच्या आकड्यांसह अनुभव लिहावेत, ही विनंती.

शेंगाचटणीवाल्या, जुळे सोलापूर
दादा, पहिल्या वर्षी मी कसलाही आराखडा न करता वर्तमानपत्रांतून ५,००० हँडबिले वाटली आणि त्यातून जेमतेम ११ गिऱ्हाइके आली. त्यानंतर मी एक वही घातली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ आणि ‘चटणी कोणासाठी नेताय?’ हे दोनच प्रश्न विचारून उत्तरे टिपत गेले. तीन महिन्यांनी वही चाळली, तेव्हा निम्म्याहून अधिक पाकिटे पुण्यात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे जातात, असे दिसले. म्हणजे पैसे देणारी आई इथे आणि खाणारा तिकडे.

म्हणून आराखड्यात सर्वांत वर मी पाकीट लिहिले. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटते. ते झिरपून लेबलावरची शाई पसरायची आणि सगळ्यांत आधी खालच्या कडेचा आमचा फोन नंबरच पुसला जायचा, त्यामुळे ज्या मित्रांना ती चटणी आवडली, त्यांना ती मागवायची कुठून हे कळतच नव्हते. दुहेरी पाकीट केले आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक व फोन नंबर पक्क्या छपाईत घेतला. पाकिटामागे अडीच रुपये वाढले, पण नव्या मागण्या बहुतांश त्या नंबरावरूनच येऊ लागल्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना धाडलेला, संदेश आपला नंबर ज्याने साठवला आहे त्यालाच पोहोचतो, हेही ध्यानात ठेवावे. मी पैसे घेतानाच गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये माझा नंबर सेव्ह करून घेते.

गणवेश कारखानदार
शालेय गणवेशाच्या धंद्यात आराखडा म्हणजे मुख्यतः दिनदर्शिका, असे माझे ठाम मत आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण कापड, रंग आणि दर यांचा निर्णय कितीतरी आधी झालेला असतो. मी मात्र सुरुवातीची दोन वर्षे एप्रिलच्या उन्हात नमुने घेऊन फिरलो आणि बहुतेक ठिकाणी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ एवढेच ऐकून परतलो. आता नोव्हेंबरात शाळांची यादी, डिसेंबरात नमुने आणि जानेवारी-फेब्रुवारीत भेटी, असा क्रम ठरला आहे. भेटीला जाताना एकाच थानातले दोन तुकडे नेतो, एक कोरा आणि एक २५ वेळा धुतलेला, आणि माहितीपत्रक काढण्याआधी ते दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवतो. उधारीची मुदतही आराखड्यातच लिहावी, कारण विक्री वाढूनही पैसे दिवाळीपर्यंत अडकले, तर पुढच्या हंगामाच्या कापडाला भांडवल उरत नाही.

शिलाई यंत्र दुरुस्ती, पूर्व भाग, सोलापूर
माझा सगळा आराखडा एका फलकाचा होता. मराठीखाली तेलुगू आणि कन्नड अक्षरे रंगवून घेतली, त्याला १,८०० रुपये लागले. शेजारच्या गल्लीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या, मराठी वाचता न येणाऱ्या आजी त्यानंतर प्रथमच यंत्र घेऊन आल्या.

चादरवाले, नवी पेठ
ताई, तुमचे वाचून मीही गल्ल्याजवळ वही ठेवली. महिनाभरातल्या ११० नोंदींपैकी ४३ जण अक्कलकोट किंवा तुळजापूरचे दर्शन घेऊन परतणारे निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांना गाडी गाठायची घाई होती. आम्ही त्यांच्यासमोर चादरींच्या घड्यांवर घड्या उलगडत बसत होतो. आता दारातच जोडीने बांधलेले, किंमत लिहिलेले आणि धरायला बंद लावलेले गठ्ठे ठेवले आहेत. मकरसंक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरेल, तोवर असे ३०० गठ्ठे तयार ठेवायचे, असे आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.