शूटर गेममधली सोबतीण बोलते, पण खेळणारा ऐकतच नाही

खानापूर_पट्टा
गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये फर्स्ट-पर्सन शूटर करालोय, म्हणजे खेळणाऱ्याच्याच नजरेतून दिसणारा गोळीबाराचा गेम. खानापूर-लोंढ्याकडचं जंगल, लाकूडचोरांची टोळी, खेळणारा नवा फॉरेस्ट गार्ड, सोबत मुरलेली वॉचर शांताक्का. सहा लेव्हल, साधारण ४० मिनिटं. कटसीन (मध्ये येणारे, नुसते बघायचे प्रसंग) सगळे स्किप करतात, गोळीबारात ती बोलली तर कुणाच्या कानावर जात नाही, आणि चार पर्यायांचा मेन्यू आला की पहिलाच दाबून मोकळे. आवाज १२० वाक्यांपुरताच रेकॉर्ड होणार आहे. ती लक्षात राहावी म्हणून काय करावं?

टिळकवाडी_कट्टा
आधी कटसीन काढा की. १९९८ च्या हाफ-लाइफ या शूटरनं जवळजवळ सगळी गोष्ट खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोल न काढता सांगितली. त्याची किंमत एवढीच, की समोरचा बोलत असताना खेळणारा टेबलावर उड्या मारणार. म्हणून महत्त्वाचं बोलणं जिथं पाय आपोआप थांबतात तिथं ठेवा: गेटचं कुलूप तोडताना, जीपमध्ये, ओढा ओलांडताना.

वेळेचं गणित: शेवटच्या गोळीनंतर ४ सेकंद शांतता, आसपास सावध झालेला शत्रू नाही, मगच वाक्य सुरू. दहा शब्दांच्या वर नको. मध्येच गोळी सुटली तर शब्दावरच तोडा. शांत झाल्यावर "हं, तर काय म्हणत होते..." असा जोड देऊन तेच वाक्य पुन्हा. जोडाचे चार नमुने रेकॉर्ड करा, एकच असला की तिसऱ्यांदा हसू येतं. दोनदा तुटलं तर वाक्य सोडून द्या.

चालू लढाईत फक्त कामाचं बोलणं, पण स्वभाव तिथंच दिसतो. "डावीकडं शत्रू" कुणीही म्हणेल. शांताक्का "ऐनाच्या मागं दोघं!" म्हणेल. दोन लेव्हलनंतर खेळणारा झाडं ओळखायला लागतो, म्हणजे तिच्या डोळ्यांनी बघायला लागतो. मात्र वाक्य रांगेत अडकून उशिरा वाजलं आणि तोवर शत्रू हलला, तर ती खोटारडी ठरते. वाजवायच्या क्षणी शत्रूची जागा पुन्हा तपासा, सूचना एका सेकंदाहून जुनी असेल तर टाकून द्या.

निपाणी_रात्रपाळी
मेन्यूबद्दल. शूटरमध्ये खेळणाऱ्याची भाषा म्हणजे बंदूक, निवडही तिथंच द्या. स्पेक ऑप्स: द लाइन (२०१२) या गेममध्ये चिडलेला जमाव घेरतो तेव्हा पडद्यावर पर्याय येत नाहीत. हवेत गोळी झाडली तरी जमाव पांगतो, आणि ते ज्याचं त्याला सुचावं लागतं. तुमच्याकडं हात वर केलेला पोरसवदा चोर ठेवा. मारला, सोडला, की नुसता नेम धरून उभा राहिला, हे तीन फ्लॅग, म्हणजे काय घडलं याच्या गेमनं लक्षात ठेवायच्या हो-नाही खुणा. तिसरा लोक विसरतात, त्यासाठी ६ सेकंदांचा टायमर लावा.

प्रत्येक फ्लॅगचा पडसाद दोनदा तरी हवा: एक लगेच, एक लेव्हलभर उशिरा. उशिराचाच जास्त लागतो.

फ्लॅग सहाच्या वर नेऊ नका. सहाचे ६४ मेळ होतात, प्रत्येकासाठी लिहीत बसलात तर १२० वाक्यं कुठंच पुरणार नाहीत. व्हॉल्व्ह कंपनीनं लेफ्ट फोर डेड (२००८) या गेममध्ये वापरलेली पद्धत घ्या. प्रत्येक वाक्याला अटी जोडा, आणि लागू होणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त अटींचं वाक्य निवडा. "रात्र + चोर सोडला + गोळ्या संपत आल्या" हे नुसत्या "रात्र"ला हरवतं. एकदा वाजलं की बाद. बिनअटीची दहाएक वाक्यं तळाला ठेवा, नाहीतर ती अचानक मुकी होते.

चिक्कोडी_स्टँड
भाषेचंही बघा दादा. शांताक्का पुस्तकी मराठी बोलली तर मेली. खेळणाऱ्याशी "काय करालास?", रेंजरशी कन्नड, जखम झाली की पुन्हा मराठी. भाषा कधी बदलते ते ठरलेलं असलं की न सांगता कळतं, ती कुणाला आपलं मानते.

सबटायटल दोन ओळींत बसवा. गोडो ४ देवनागरी नीट जुळवतं, पण टाइपरायटर इफेक्ट (एकेक अक्षर उमटत जाणं) लावला की जोडाक्षर अर्धं उमटतं, नंतर वेलांटी उडी मारते. लेबलमधलं "व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर" आकार जुळवल्यानंतरच्या पर्यायावर न्या.

खानापूर_पट्टा
झाडांचं आजच घालतो. आणि कुणी शांताक्कालाच गोळी घातली तर?

टिळकवाडी_कट्टा
घालणारच, पहिल्या पाच मिनिटांत. नेम तिच्यावर गेला की बंदूक आपोआप खाली. तरी सुटलीच तर गोळी आरपार, जखम नाही. पण तिची प्रतिक्रिया हवीच. पहिल्यांदा दटावणं, दुसऱ्यांदा गप्प राहणं, तिसऱ्यांदा पुढची दोन मिनिटं झाडांची नावं सांगणं बंद. चौथ्यांदा कुणी करत नाही.