नवीन बस घ्यायच्या तर सगळ्या लो-फ्लोअरच घ्या, ही मागणी तुम्हाला पटते का?

सविता_के: आमच्या शहरात नव्या बस घ्यायचं चाललंय. आम्ही व्हीलचेअरवाले, काठीवाले आणि काही मुलांचे आईबाप मिळून निवेदन देतोय की पायऱ्यांची एकही बस नको. साध्या बसचा फ्लोअर जमिनीपासून ९०० मिलिमीटरच्या आसपास असतो, लो-फ्लोअरचा ४००. मधल्या दारातली फळी उलगडून टाकली की खुर्ची सरळ आत जाते. मला भर स्टॉपवर दोन माणसांनी बखोटीला धरून वर चढवलंय, सगळे बघत होते, ते परत नकोय.

डेपोवाला_पक्या: ताई राग मानू नका, मी याच लाईनमधला आहे. लो-फ्लोअर महाग पडते, स्पीडब्रेकरला खालून घासते आणि पाणी तुंबलं की आधी तीच अडकते. दिल्लीत २०१९ ला उंच बसला हायड्रॉलिक लिफ्ट लावून आणल्याच ना? आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४१ मधे परवडत असेल तर असंच लिहिलंय.

सविता_के: दादा ते कलम पूर्ण वाचा. परवडण्याची अट जुन्या गाड्यांत बदल करण्याच्या संदर्भात आहे, मी तरी ते तसंच वाचते, नवीन खरेदीला ती पळवाट कशी चालेल? आणि लिफ्ट बिघडली की आम्ही स्टॉपवरच. फळीला मोटर नाही, बिजागरीत माती बसली तरी कंडक्टर पट्टा ओढून उघडू शकतो. फक्त बस कट्ट्याला लागून थांबली पाहिजे, रस्त्याच्या मधे थांबवली तर फळी खाली रस्त्यावर पडते आणि चढ इतका होतो की खुर्ची मागे कलंडते.

नंदू_७७: एवढा खटाटोप कशाला, फोन केला की दारात व्हॅन येईल अशी सोय करा. मुंबई लोकलला वेगळा डबा आहेच की, छान चालतंय.

डोंबिवलीकरीण: छान? गर्दीच्या वेळी त्या डब्यात धडधाकट माणसं घुसतात, उतरा म्हटलं तर आपल्यालाच ऐकवतात. व्हॅनचंही तेच होणार, गाड्या मोजक्या, आधी बुकिंग करा, आणि ऑफिसातून उशीर झाला की बसा वाट बघत. बाकीचे मनाला येईल तेव्हा बस पकडतात, आम्ही का नाही?

डेपोवाला_पक्या: ठीक आहे, पण मेंटेनन्सला माणसं नाहीत, ते आधी द्या. नाहीतर तुमची लो-फ्लोअरपण वर्षभरात खिळखिळी.

सविता_के: हे मात्र अगदी बरोबर. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रातुरी केसमधे केंद्राला सांगितलं की सुगमतेचे (म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावं याचे) नियम नुसते सल्ल्यासारखे नकोत, बंधनकारक करा. म्हणून टेंडर निघायच्या आधीच सगळं लेखी जायला हवं. फळी रोज कोणी तपासायची, डेपोत किती माणसं लागतील, हे तुमच्याइतकं आम्हाला कळत नाही. रविवारपर्यंत एक पान लिहून द्याल का? निवेदनाला जोडतो, तुमचं नाव टाकणार नाही.