शब्दचर्चा : बट्टा, घडी आणि डार्थ व्हेडर

मंडळी, एका खेळण्यापायी शब्दांवर अडलोय, म्हणून हा धागा काढतोय.

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पितळी डब्यात ‘स्टार वॉर्स’ सिनेमातला खलनायक डार्थ व्हेडर निघाला. मोठ्या मामांनी १९८०च्या सुमारास अमेरिकेहून आणलेला, केनर या खेळण्यांच्या कंपनीचा. वीतभरही उंच नाही. आम्ही पाच भावंडं घरातल्या वस्तू वाटून घेतोय आणि यादी मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आहे. समई, घंगाळ, शिलाई मशीन भराभर लिहून झालं. इथे येऊन पेन थांबलं. ही वस्तू काय म्हणून लिहू, आणि तिची अवस्था कोणत्या शब्दांत लिहू?

नावाचं आधी सांगतो. अशा खेळण्याला इंग्रजीत ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात, आणि हा शब्द ‘बाहुली’ म्हणायला नको म्हणूनच जन्माला आला. १९६४ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलांच्या हातात ‘बाहुली’ द्यायला बाप तयार होणार नाहीत अशी धास्ती होती. वस्तू तीच, कपडे बदलता येणारी, सांध्यांत वळणारी. नाव तेवढं नवं. इंग्रजीला ही पळवाट शोधावी लागली. आपल्याकडे बाहुला आणि बाहुली दोघंही आधीपासून आहेत, त्यांची लग्नंसुद्धा लागतात. म्हणून यादीत मी ‘बाहुला’ लिहिणार. आमची आजी ‘भावला’ म्हणायची, तेही मला तितकंच आवडतं, पण यादी धाकट्या पिढीलाही कळली पाहिजे.

खरा प्रश्न अवस्थेचा. इतवारीतल्या आमच्या सराफकाकांना तो बाहुला सहज दाखवायला नेला होता. त्यांनी सिनेमा पाहिलेला नाही. त्यांनी तो तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा पालथा केला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पायाच्या मागच्या बाजूला नख फिरवत म्हणाले, “शिक्का हाय पाह्य इथं.” खरंच होता. ‘जी. एम. एफ. जी. आय.’, १९७७ साल आणि हाँगकाँग. (ती अक्षरं जनरल मिल्स फन ग्रुप या केनरच्या मालक कंपनीची. सिनेमा मे १९७७चा, बाहुले दुकानात आले १९७८ मध्ये, म्हणून साल पाहून गोंधळू नका.) मग हात वर-खाली केले, मान वळवली, कंबर वाकवली. “सांधे घट्ट हायेत.” उजव्या हातातून सरकून बाहेर येणारी लाल तलवार ओढली, टोकावर बोट टेकवलं. “टोक गेलं. इथं बट्टा बसला.” शेवटी पाठीवरचा काळा झगा दोन बोटांत चोळला आणि एवढंच म्हणाले, “हा त्याचा नोहे बाप्पा. नंतर घातलेला हाय.”

काका बरोबर होते. मूळ झगा फाटला म्हणून दहाएक वर्षांपूर्वी आतेभावाने एका विक्रेत्याकडून नवा मागवला होता. विक्रेत्याने तो मूळचा म्हणून विकला आणि पैसेही मूळच्याचेच घेतले.

माझा प्रश्न असा : काका जे करत होते त्याला काय म्हणायचं? आणि यादीत लिहायला असे आणखी शब्द कोणते?

प्रतिसाद, पुण्याहून

मूल्यांकन. प्रमाण शब्द तयार असताना शोधाशोध कशाला?

मूळ लेखक

दादा, मूल्यांकन म्हटलं की मला मिळकत कराची नोटीस आठवते, आणि मूल्यमापन म्हटलं की उत्तरपत्रिका. दोन्हींच्या शेवटी आकडा असतो. काकांनी एकदाही आकडा उच्चारला नाही. त्यांनी केली ती पारख. हा शब्द ‘परीक्षा’वरूनच आलाय आणि तो पैशाशी बांधलेला नाही. माणसाची पारख होते, आंब्याची होते, बैलाची होते. आधी पारख, मग किंमत, अशी दोन कामं मला वेगळी ठेवायची आहेत. अमेरिकेत ‘अ‍ॅक्शन फिगर अथॉरिटी’सारख्या संस्था अशा बाहुल्यांना शंभरांपैकी गुण देतात, तेसुद्धा अवस्थेचे गुण असतात, भाव नव्हे. भाव बाजार ठरवतो. आतेभावाने भाव आधी विचारला आणि पारख केलीच नाही, तिथेच तो फसला.

प्रतिसाद, अमरावतीहून

‘बट्टा’ वाचून बरं वाटलं. आमचे आजोबा अडत्याकडे हिशेब लिहायचे. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं मोडताना जी कपात व्हायची तो बट्टा. त्यावरूनच नावाला बट्टा लागतो. तुमच्या कामाला हा शब्द नेमका बसतो, कारण बट्टा सांगताना नाणं खोटं आहे असं आपण म्हणत नाही. नाणं खरंच आहे, फक्त झिजलंय. तलवारीचं टोक गेलं हा बट्टा, रंगाचा टवका उडाला हा बट्टा.

आणि पाकीट न फोडलेल्या बाहुल्याला काय म्हणणार? ‘सीलबंद’ औषधाच्या बाटलीसारखं वाटतं.

प्रतिसाद, नागपूर, गोकुळपेठ

माझ्या सासूबाई कपाटातली न नेसलेली पैठणी दाखवताना म्हणायच्या, “हिची घडी मोडली नाही अजून.” पुठ्ठ्यावर, प्लास्टिकच्या फुग्याखाली तसाच राहिलेला बाहुला म्हणजे घडी न मोडलेला बाहुला. घडी एकदा मोडली की परत घातली तरी ती पहिली घडी नसते, हेही त्यात आलं. पुठ्ठ्यावेगळा तो ‘सुटा’.

मूळ लेखक

काकू, हा शब्द मी उचलला. आमच्या व्हेडरची घडी मामांनी विमानातच मोडली होती म्हणे.

आता झग्याचं बघा. यादीत ‘झगा बनावट’ असं लिहिलं तर आतेभाऊ दुखावतो. त्याने काही कुणाला फसवलेलं नाही, तोच फसलाय.

प्रतिसाद, नागपूर, निवृत्त

मी तहसीलच्या नक्कल विभागात नोकरी केली. आमच्याकडे ‘नक्कल’ ही शिवी नव्हती. अर्ज करून, पैसे भरून लोक नक्कल घेऊन जायचे आणि तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असा शेरा असायचा. नक्कल स्वतःला नक्कल म्हणवते तोवर ती प्रामाणिक. जी स्वतःला अस्सल म्हणवते ती बनावट. म्हणजे तोच झगा विक्रेत्याच्या दुकानात बनावट होता. तुम्ही यादीत खरं लिहिलंत की नक्कल होतो. हवं तर ‘बदली झगा’ लिहा, तेही चालेल.

मूळ लेखक

काका, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. याच खेळण्यांतलं एक उदाहरण त्याला आणखी धार लावतं. १९७८ मध्ये जावा नावाचा बुटका बाहुला आला तो आधी प्लास्टिकच्या झग्यात. थोड्याच काळात कंपनीने त्याला कापडी झगा दिला, त्यामुळे प्लास्टिकवाले कमी आणि महाग झाले. मग फसवणाऱ्यांनी काय करावं? ओबी-वान या दुसऱ्या बाहुल्याचा मूळ प्लास्टिकचा झगा कापून तो जावाला घालायला सुरुवात केली. झग्याचं प्लास्टिक त्याच कंपनीचं, त्याच काळातलं, आणि तरीही वस्तू बनावट. म्हणजे जिन्नस अस्सल असून भागत नाही, तो ज्याचा त्याचा असावा लागतो. सराफकाकांचं “त्याचा नोहे” हेच सांगतं. ‘अस्सल’ऐवजी मी यादीत ‘त्याचाच’ लिहायचं ठरवतोय.

प्रतिसाद, नागपूर, महाल

रंगाबद्दल एक शंका. तान्ह्या पोळ्याला आम्ही घरचा लाकडी नंदी काढतो. पणजोबांच्या वेळचा आहे. दर दोन-चार वर्षांनी त्याच्यावर रंगाचा हात फिरतो, शिंगं नव्याने रंगतात, आणि मोहल्ल्यात त्याचं कौतुकच होतं. तुमच्या बाहुल्यावर रंगाचा हात फिरवला तर काय?

मूळ लेखक

तर तो मोठाच बट्टा. घासून गेलेला मूळ रंग चालतो, वरून चोपडलेला नवा रंग संग्राहकाला चालत नाही. नंदी दरवर्षी मिरवायचा असतो, म्हणून त्याला रंग देणं ही सेवा आहे. बाहुला १९७०च्या दशकातला पुरावा म्हणून जपायचा असतो. यादीसाठी ‘रंगाचा दुसरा हात नाही’ हे वाक्य मला तुमच्याच पोस्टमधून मिळालं.

आपल्या उन्हाचंही सांगून ठेवतो. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात कसा तापतो ते तुम्हाला माहीतच आहे. मऊ प्लास्टिकमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेला तेलकट पदार्थ उष्णतेने हळूहळू बाहेर येतो आणि हातापायांना चिकटा सुटतो. पांढरे बाहुले उन्हाने पिवळे पडतात. ते गोरे करायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवतात. मी ते करणार नाही. आमच्या काळ्याला पिवळेपणाची भीती नाही, पण डाव्या पायाला किंचित चिकटा आहे. ‘घाम फुटलाय’ असं भाची म्हणाली, तरी लिहिताना चिकटाच ठेवतोय. आता तो गोदरेजच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे.

तुम्हा सगळ्यांचे शब्द घेऊन काल रात्री नोंद पुरी केली. सगळ्या भावंडांना वाचून दाखवली, आतेभावालाही. त्याने फक्त ‘नंतरचा’च्या पुढे वर्ष घालायला सांगितलं, ते घातलं :

“बाहुला, डार्थ व्हेडर, केनर, पायामागे शिक्का १९७७, हाँगकाँग. सुटा. सांधे घट्ट. रंग मूळचा, दुसरा हात नाही. तलवार त्याचीच, टोक गेलेलं, हा बट्टा. डाव्या पायाला चिकटा. झगा नक्कल, नंतरचा, २०१४. किंमत केलेली नाही.”