अकीक (अ‍ॅगेट दगड) कापायला सॉ (मोटरवरची करवत) घ्यायचाय, ६ इंची ब्लेडचा की १० इंची? आणि काप तिरका का जातो?

गारगोटी_वेडा:
नमस्कार मंडळी, संभाजीनगरकडे असतो, आमच्याकडे नांगरट झाली की शेतात अकीक, गारगोट्या भरपूर वर येतात. सध्या ४ इंची मार्बल कटर, एका हातात दगड, बाजूला बाटलीने पाणी सोडत कापतोय पण काप सरळ येतच नाही, अर्ध्यात गेला की वळतो. आता टेबलवाला सॉ घ्यायचा विचार आहे, कुठला घेऊ?

पुणेरी_स्लॅब:
भाऊ आधी ते हातात धरून कापणं आजच बंद करा. मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो, दगड अडकला की सरळ हातावर येतो. आणि अकीक म्हणजे निव्वळ सिलिका, गुजरातमधल्या खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांची सिलिकोसिसने (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) काय अवस्था झाली ते जरूर वाचा. बाटलीचं पाणी पुरत नाही, ब्लेडची खालची कड सतत पाण्यात बुडलेली हवी आणि वर झाकण पाहिजे.
साइजचं म्हणाल तर १० इंची घ्या. फ्लँज (ब्लेड मधोमध आवळून धरणारी चकती) अडीच इंचाची धरली तर वर पावणेचार इंच ब्लेड उरतं, म्हणजे ३ इंची दगड आरामात कापला जातो. ६ इंची फक्त ट्रिमिंगला, कापलेल्या स्लॅबचे तुकडे काढायला छान.

दगडू_मिस्त्री:
काप वळतो त्याची मुख्य कारणं दोन, दगड हलतोय नाहीतर ब्लेड बोथट झालंय. व्हाइसमध्ये (दगड आवळून धरणारा शिकंजा) दगडाच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या घालून आवळा, हाताने हलवून बघा, जरा जरी हलला तरी चालू करू नका, दगड मध्येच सरकला की ब्लेड वाकतं आणि वाकलेलं ब्लेड परत कधी सरळ कापत नाही.
दुसरं, अकीक इतका कडक आणि बारीक कणांचा की तो ब्लेडचा धातू झिजवतच नाही, ब्लेडच्या कडेत बसवलेले हिऱ्याचे वरचे कण गुळगुळीत होतात आणि धातूतले खालचे बाहेर येत नाहीत. मग माणूस जोर लावतो, तिथेच ब्लेड तापतं. ग्राइंडिंग व्हीलचा जुना तुकडा किंवा साधी वीट घेऊन तीन-चार काप मारा, आवाज बदलला की समजायचं खालचे हिरे उघडे पडले. आमच्याकडे काप हळू झाला की पहिलं हेच करतात. ब्लेडवर बाण असेल तर त्याच दिशेने बसवा. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची घ्या, दोन्ही पुल्या सारख्या ठेवल्या की १० इंचीला तेवढे फेरे पुरतात, तरी ब्लेडवर लिहिलेला जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) बघूनच बसवा.

गारगोटी_वेडा:
खूप आभार दादा, वीट उद्याच करून बघतो. ब्लेड थंड ठेवायला पाणी चालेल की तेलच लागेल? एकजण डिझेल घाल म्हणाला.

पुणेरी_स्लॅब:
डिझेल अजिबात नको, बंद खोलीत वाफ आणि आगीची भीती. तेलाने ब्लेड जास्त टिकतं पण फिरोजासारखे सच्छिद्र दगड तेल पितात आणि रंग बिघडतो. घरी पाणीच बरं, फक्त काम झालं की टाकी रिकामी करायची, ब्लेड पुसून कोरडं करायचं, नाहीतर रात्रीत गंजतं. तळाचा गाळ ओला असतानाच काढा, वाळला की तीच धूळ उडते, आणि बेसिनमध्ये ओतू नका, पाइप सिमेंटसारखा बसतो.

दगडू_मिस्त्री:
आणि पाण्याजवळ मोटर आहे म्हणजे ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय प्लग लावू नका. मोटरचं अर्थिंगही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.