जुनी इनोव्हा घेतली आहे, चाकं-टायरचं काय काय बघून घेऊ?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. नुकतीच २०१४ ची डिझेल इनोव्हा घेतली, आम्ही तिचे तिसरे मालक. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे, आणि गणपतीला राजापूरला जाताना नणंदबाई आणि त्यांची मुलगी, म्हणजे आठ माणसं आणि सामान. इंजिन, एसी, कागदपत्रं ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून झाली आहेत. आता चाकांचा विषय हाती घेतला आहे. त्रास असे:

ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, ११० ला परत शांत होतं.

पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. बाहेरून बघितलं तर नक्षी छान दिसते.

मागच्या उजव्या चाकातली हवा आठवड्याभरात चार-पाच पीएसआय उतरते. पंक्चरवाल्याला खिळा-बिळा काही सापडला नाही.

मागून घूं घूं असा आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो.

एका टायरच्या दुकानात सांगितलं की चारही टायर बदला, सगळं एकदम जाईल. बजेट तीस हजारांपर्यंत आहे. कोणते घेऊ? आणि चारही घ्यायलाच हवेत का?

सह्याद्रीचा_चालक

आधी टायरची तारीख वाचा. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ असेल तर २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि ती नेमकी आतल्या बाजूला गेलेली असते, तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनीसुद्धा बघा.

साताऱ्याचा_टायरवाला

ताई, माझं टायरचंच दुकान आहे, तरी सांगतो: आज टायर घेऊ नका. डाव्या टायरची आतली कड खाल्ली गेली आहे ती कशामुळे, हे कळल्याशिवाय नवा टायर बसवला तर तोही तसाच खाल्ला जाईल.

इनोव्हाला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. वर एक आर्म, खाली एक आर्म, दोन्हीला बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा) आणि रबरी बुश. एवढी वर्षं चाललेल्या गाडीत खालचा बॉल जॉइंट किंवा बुश सैल होणं अगदी नेहमीचं. मग चाक वरून आत झुकतं आणि आतली कड घासत राहते. तपासायला अवघड नाही. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, टायर वरून आणि खालून धरायचा आणि जोर लावून हलवायचा. टकटक हाताला लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग डावी-उजवीकडून धरून हलवायचा. तिथे ढिलेपणा असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. हे तुमच्यासमोर करायला सांगा, आणि एकदा स्वतःच्या हातानेही हलवून बघा.

दुसरं म्हणजे तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखं बोचलं, तर टो, म्हणजे चाकं समोर सरळ न बघता आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. नक्षीत ठरावीक अंतरावर खळगे लागले तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झालेले आहेत, किंवा चाक खूप दिवस बॅलन्सिंगशिवाय (चाकाचं वजन सगळीकडून सारखं न करता) पळालं आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा उभा असेल तर हवा कमी ठेवून चालवली आहे. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. जुन्या गाडीचा आधीचा मालक काय सांगतो त्यापेक्षा हे टायर खरं बोलतात, म्हणून मी ग्राहकाला नेहमी म्हणतो, जुने टायर फेकायच्या आधी पाच मिनिटं त्यांच्यावर हात फिरवा.

तर क्रम असा ठेवा: आधी जॉइंट-बुश, मग टायर, आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी. सैल जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या दोन खड्ड्यांत निघून जातं. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागा आणि त्यात कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती झुकलं आहे त्याचा, आकडा बघा. इनोव्हात कॅम्बर खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर जुळतो. ते बोल्ट कोकणातल्या पावसाने गंजून बसलेले असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी फक्त टो जुळवून गाडी सोडून देतात. कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दाखवत असेल तर पैसे देऊ नका. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अख्खा एक्सल आहे, तिथे अलाइनमेंटला जुळवायला काही नसतं. मागचं चाक वाकडं दिसलं तर गाडी कुठेतरी जोरात आपटली आहे असं समजा.

घाटवाट

थरथर ठरावीक वेगात येऊन परत जाते, हे बॅलन्सिंगचं लक्षण. स्टिअरिंगला जाणवली तर पुढची चाकं, बुडाखाली सीटला जाणवली तर मागची. बॅलन्सिंगला लावायच्या आधी रिम आतल्या बाजूने धुऊन घ्या. वाळलेल्या चिखलाचा एक गोळा आत चिकटलेला असला तरी मशीन ग्रॅम दाखवतं, त्यावर शिसं लावलं जातं, आणि चिखल पडला की थरथर परत सुरू. मशीनवर चाक फिरताना रिम डगमगते का, टायरला कुठे फुगवटा आहे का, हेही तिथेच उभं राहून बघा. फुगवटा असेल तर तो टायर त्याच दिवशी बाद. आतले धागे तुटलेले असतात, तो कधीही फुटू शकतो.

ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर चाकांचा दोष नाही, पुढच्या डिस्क बघा.

साताऱ्याचा_टायरवाला

बरोबर. हवा उतरते त्याबद्दल: खिळा नसेल तर राहतात मुख्यतः दोन जागा, व्हॉल्व्ह आणि रिमची कड. पूर्ण चाक पाण्याच्या टाकीत बुडवून जरा वेळ थांबायचं. घाई केली तर बारीक बुडबुडे दिसतच नाहीत. जुन्या अलॉयला टायर जिथे टेकतो तिथे पांढरी भुकटी येते, धातू खाल्लेला असतो. टायर उतरवून ती जागा तारेच्या ब्रशने साफ करून सीलर लावला की बहुतेकदा काम होतं. रबरी व्हॉल्व्ह तर टायर उतरवलाच आहे तर नवाच टाका, किंमत नगण्य. रिमला तडा असेल तर वेल्डिंग करून वापरू नका, आठ माणसांच्या गाडीत तर नाहीच.

आवाजासाठी एक करा. डांबरावरून काँक्रीटवर गेलं की आवाज बदलतो का? बदलला तर टायर. रस्ता कोणताही असो तोच सूर, पण वळणावर वाढतो-कमी होतो, तर बेअरिंग. खात्री हवी असेल तर मागचे टायर पुढे घेऊन बघा. आवाज पुढे आला तर प्रश्न मिटला. मागचं बेअरिंग प्रेसने बसवतात, ते काम रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये नको.

वऱ्हाडी_पाहुणा

ताई, समृद्धीवरून येणं-जाणं असेल तर वयाकडे लक्ष द्याच. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा, खाली काँक्रीट तापलेलं, कारला १२० ची मर्यादा, आणि तासन् तास एकाच वेगात गाडी. टायर फुटतो तो बहुतेकदा कमी हवेमुळे. हवा कमी असली की बाजूचं रबर सारखं दुमडतं, तापतं, आतले थर सुटतात. लोक उलटं करतात, "उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमीच ठेव" म्हणतात. असं करू नका. सकाळी गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरवर पूर्ण भाराचा जो आकडा असेल तेवढी भरा. वाटेत तापल्यावर चार-पाचने वाढलेली दिसेल, ती वाढलेली हवा काढू नका. नायट्रोजन भरा नाहीतर साधी हवा, तपासणं चुकवू नका.

नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांपुढचा टायर दरवर्षी नीट तपासून घ्यावा, आणि दहाच्या पुढे तर वापरूच नये.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत आमच्याकडे जुनी सिएना (टोयोटाचीच मोठी फॅमिली गाडी) आहे. दुखणी तीच, कारणं थोडी वेगळी. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने रिमची कड खाल्ली जाते आणि हवा हळूहळू उतरते. २००८ च्या मॉडेलपासून हवेच्या दाबाचा सेन्सर सक्तीचा आहे, पण जुन्या गाडीत त्याची बॅटरी संपलेली असते आणि दिवा कायम पेटलेला, मग लोक त्याकडे बघणंच सोडतात. इथे जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह सिएना बघणाऱ्या कुणासाठी: तिला बऱ्याच वर्षांच्या मॉडेलमध्ये रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) टायर होते आणि स्टेपनी नव्हती. किंमत ठरवताना हे धरा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तपासून घेतलं. डावा खालचा बॉल जॉइंट सैल आहे, हलवल्यावर माझ्या हाताला स्पष्ट लागलं. हवा रिमच्या कडेतून जात होती, तीच ती पांढरी भुकटी. काँक्रीटवर आवाज बदलतो, आणि मागच्या टायरवर हात फिरवला तर खळगेच खळगे. मागचे दोन्ही टायर २०१५ चे निघाले! पुढचे २०२१ चे. मागचे शॉक बदलायचे ठरले. म्हणजे आता चारऐवजी दोनच टायर घेतले तर चालतील का? डाव्याची कड गेली आहे, उजवा चांगला आहे. आणि स्टेपनी खाली उतरतच नाही.

साताऱ्याचा_टायरवाला

मागचे दोन आजच काढा. डावा पुढचाही जाणार. तुमचं घरचं ओझं बघता चारही नवे घ्या आणि उजवा पुढचा स्टेपनीला ठेवा. माप २०५/६५ आर१५ च ठेवा. कुणी २१५ चा आग्रह करेल, त्याने चाकाचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने वाढतो, मीटर कमी वेग दाखवतो आणि वळताना घासूही शकतो. मापाच्या पुढे ९४ हा भारांक बघा, म्हणजे एका टायरला ६७० किलो. त्याहून कमी घेऊ नका. कंपनीचं म्हणाल तर मऊ आणि शांत हवा असेल तर मिशलिन, खड्ड्यांचा रस्ता जास्त असेल तर जाड बाजूचा एमआरएफ किंवा अपोलो. मी तुमच्या जागी असतो तर राजापूरच्या रस्त्यासाठी जाड बाजूचाच घेतला असता. कोणताही घ्या, पण सहा महिन्यांच्या आतली तारीख मागा.

घाटवाट

समजा पैशाअभावी आता दोनच घेतले, तर नवे दोन पुढे टाकायचे ना? स्टिअरिंग आणि ब्रेकचं बरंच काम पुढेच असतं.

साताऱ्याचा_टायरवाला

नाही, नवे मागे. ओल्या रस्त्यावर पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरता येते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि इनोव्हाला तर इंजिनचा जोरही मागच्या चाकांवर. आंबा घाटात पावसात हे सांभाळणं चांगल्या चालकालाही जमत नाही. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करा: मागचे सरळ पुढे, पुढचे फुली मारून, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, मागे.

स्टेपनीची साखळी गंजली असेल. हँडल जोरात फिरवू नका, तुटेल. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी मागे-पुढे थोडं थोडं फिरवा. उतरली की साखळीला ग्रीस लावा आणि स्टेपनीची हवा बघून घ्या, बहुतेक निम्मी असेल.

गोदाकाठ

चारही घेते. चाकांचे नट किती घट्ट करायचे? दुकानात गनने करतात.

साताऱ्याचा_टायरवाला

गनने नुसते टेकवून घ्यायला सांगा, शेवट टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), फुली मारत, शंभरेक न्यूटन-मीटर. गनने आवळलेला नट रस्त्यात सासऱ्यांना काय, तुमच्या मिस्टरांनाही सुटणार नाही. आणि शंभर किलोमीटर झाले की एकदा पुन्हा पाना लावून बघा.