शेतावर 'पेका' करायचाय: घमेलं चालेल का, अन् बोकडाच्या मटणाला किती वेळ धरायचा?

कडबाकुट्टी
क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्याकडं पेका करतात. पसरट लोखंडी थाळ्यात मटण-बटाटे, वरून घुमटासारखं लोखंडी झाकण, अन् त्या झाकणावर निखारे. परभणीजवळच्या शेतावर आठ जणांसाठी हाच करायचाय. ओव्हन नको, आरावरच पाहिजे. जवळ दोन घमेली, एक बिडाची कढई, बाभळीची वाळलेली लाकडं अन् भरपूर पऱ्हाट्या आहेत. मटण उस्मानाबादी बोकडाचं मिळेल.
विचारायचं हे की झाकण म्हणून घमेलं उलटं घातलं तर चालेल का? मटणाचा कोणता भाग घ्यायचा? बटाटे मटणासोबतच घालायचे की मागून? अन् पाणी घालायचं का, किती? दम बिर्याणीसारखी कणीक लावून तोंड बंद करायचं का, तेही सांगा.

आर_विस्तव
घमेलं नको. बांधकामाच्या घमेल्यावर रंग असतो नाहीतर जस्ताचा मुलामा असतो. दोन्ही तापल्यावर अन्नाच्या जवळ नकोत. शिवाय पत्रा पातळ, एका बाजूला निखारे जास्त पडले की वाकडा होतो अन् फटीतून राख आत जाते. ॲल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, अन् वारा लागलेला बाभळीचा निखारा त्याच्या पुढं जातो. बुडाला भोक पडायला वेळ लागत नाही.

बिडाची कढई उलटी घालून काम होतं, पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे गोल बुडावर निखारे टिकत नाहीत, घसरून खाली येतात. दुसरी, तिचे कान खाली कडेला जातात, त्यामुळं तापलेली कढई दोघांनी दोन आकड्यांनी सरळ वर उचलावी लागते. एकट्याचं काम नाही. पुन्हा पुन्हा करणार असाल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी काळ्या पत्र्याचा घुमट करून घ्या. मधोमध उंची २० सेंटीमीटर, वर जाड सळईची कडी, अन् घुमटाच्या अर्ध्या उंचीवर चारी बाजूंनी ४-५ सेंटीमीटर उभी पट्टी वेल्ड केलेली. ती पट्टी निखारे धरून ठेवते. तिकडच्या कित्येक झाकणांना असंच कडं असतं. घुमट थाळ्यापेक्षा ३-४ सेंटीमीटर मोठा घ्या, म्हणजे तो थाळा पूर्ण झाकून विटांवर टेकेल अन् राख बाहेरच राहील. आठ जणांना थाळा ४५ सेंटीमीटर व्यासाचा, काठ ६-७ सेंटीमीटर. त्याहून लहान थाळ्यात मटण एकावर एक चढतं अन् वरचं भाजतं, खालचं नुसतं उकडतं.

नवीन लोखंड आधी रिकामंच तापवा, कारखान्यातलं तेल जळू द्या. मग घासून धुऊन करडईचं तेल लावून पुन्हा तापवा.

जागा: काळ्या मातीवर थेट मांडू नका. माती ओल धरते अन् बुडाची उष्णता ओढून घेते. पक्क्या भाजलेल्या विटांचा चौथरा मांडा, त्यावर तासभर जाळ करा, मग निखारे बाजूला ओढून विटा झाडून घ्या. तापलेल्या विटाच बुडाला बरीचशी उष्णता देतात. शहाबादी फरशी वापरू नका, तडकून उडते. अन् हो, कडब्याच्या गंजीपासून लांब! उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा सुटला की ठिणगी कुठंही जाते. पाण्याची टाकी हाताशी असू द्या.

पऱ्हाट्या अन् तुराट्या फक्त पेटवायला. भडकन जळतात, पण त्यांचा आर टिकत नाही. बाभूळ उत्तम, बोर-चिंचही चालतं. कडुलिंबाचं लाकूड नको, धुराचा कडवटपणा मटणात उतरतो. सुकं लाकूड १२ ते १५ किलो तरी लागेल.

रान_दस्त
मटणाचं मी सांगतो. दाल्मेशियात यासाठी कोवळं कोकरू घेतात. क्रोएशियाची पाग, क्रेस, ब्राच ही बेटं त्यांच्या कोकरांसाठी नावाजलेली आहेत. वासराचं मांस अन् ऑक्टोपसही तिकडं पेक्यात जातो. आपल्याकडं मूळच्या जवळ जायचं असेल तर मेंढीचं कोकरू बघा. नाहीच मिळालं तर बोकड, पण बोकडाला चरबी कमी, हे धरूनच सगळं ठरवायला लागतं.

दुकानदाराला दस्त (पुढचा पाय-खांदा) अन् सीना (छाती) मागा, थोडी गर्दन. फक्त रान (मागची मांडी) घेऊ नका. रानात नुसतं मांस, चरबी अन् चिकट पडदे कमी, दोन तासांत कोरडं पडतं. दस्त-सीन्यातल्या पडद्यांचं हळूहळू चिकट रसात रूपांतर होतं, मटण मऊ पडतं ते त्यानं. २.५ किलो हाडासकट घ्या. सोबत गुर्द्याभोवतीची चरबी १०० ग्रॅम वेगळी मागून घ्या, बहुतेक जण तशीच देतात.

तुकडे! 'करी कट' म्हणू नका. रोजच्या सवयीनं तो सुपारीएवढे तुकडे पाडून देईल अन् मग काही उपाय नाही. एक तुकडा १५० ते २०० ग्रॅमचा, हाड मोडून चुरा न करता. पुढं उभं राहून सांगा.

दुसरं, सकाळी कापलेलं मटण त्याच दुपारी पेक्यात टाकू नका. कापल्यानंतर काही तासांनी मांस आखडतं, त्या अवस्थेत शिजवलं की चिवटच राहतं. रस्सा करताना कुकरमध्ये तो चिवटपणा लपतो, पेक्यात लपत नाही. आदल्या दिवशी आणा, मीठ चोळा (२.५ किलोला ३० ग्रॅम), फ्रीजमध्ये एक रात्र उघड्या ताटात ठेवा. वरचा पृष्ठभाग सुकतो, त्यामुळं रंगही चांगला येतो. दही, पपई काही लावू नका, वरून पीठ झाल्यासारखं होतं.

पितळी_पळी
आता मांडणी.

बटाटे १.५ किलो, लहान असतील तर अख्खे, मोठे असतील तर दोन भाग. चार भाग केले तर शेवटी लगदा. कांदे ४, प्रत्येकाचे चार तुकडे. गाजर ३, ढोबळी मिरची २, लसणाचे २ अख्खे गड्डे नुसते आडवे कापून. टोमॅटो घालायचा तर एकच, तोही बिया काढून. टोमॅटो म्हणजे पाणीच. भाज्यांना २० ग्रॅम मीठ, १ चमचा मिरपूड, १०० मिली तेल लावून कालवून घ्या. तेल ऑलिव्हचं मूळचं, पण करडईचं रिफाइंडही चांगलं चालतं. घाण्याच्या करडईला स्वतःचा वास असतो, तो इथं नको.

थाळ्याला चरबी चोळा, खाली भाज्या, वर मटण. पहिल्या फेरीत हाडाची बाजू वर. उरलेली चरबी मटणावर पसरा. रोझमेरीच्या ३-४ काड्या अन् तमालपत्र मटणाखाली दडपा, वर राहिले तर जळतात.

बटाटे आधी की मागून, तर सुरुवातीलाच. मागून घातले तर मटणाचा उतरलेला रस त्यांना मिळत नाही, अन् पेक्यातली मजा त्या बटाट्यांतच आहे.

पाणी सुरुवातीला शून्य. कांदा अन् मटण आपलं पाणी सोडतात. सव्वा तास झाकण उघडायचंच नाही. मग झाकणावरचे निखारे झाडून बाजूला घ्या, जुन्या केरसुणीनं राख साफ करा, अन् कडीत आकडा घालून झाकण सरळ वर उचला. तिरकं केलं की राख ताटात. मटण उलटा, आता चरबीची बाजू वर. बटाटे हलवा. १५० मिली कोरडी व्हाइट वाईन कडेकडेनं ओता, मटणावर नाही. झाकण, नवे निखारे, अजून तास.

निखाऱ्याचं प्रमाण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तीनातले दोन हिस्से वर, एक हिस्सा कडेनं. बुडाखाली वेगळे निखारे टाकू नका, तापलेल्या विटा पुरतात. रोजच्या चुलीची सवय असलेला माणूस हात आखडता घेऊन वर दोन-चार निखारे ठेवतो अन् खाली जाळ करतो. मग बटाटे बुडाला करपतात, मटण वरून पांढरं, हाडाजवळ लाल. वर पूर्ण घुमट झाकेल असा ५ सेंटीमीटरचा थर हवा, निखाऱ्यांवर पांढरी राख धरलेली. लालभडक, ज्वाळ निघणारे असतील तर थांबा. दर ३५-४० मिनिटांनी वरचा थर बदला, म्हणून शेजारी दुसरा जाळ कायम पेटता ठेवायचा. पुष्कळांचा पेका इथंच फसतो: पहिल्या तासात सगळं लाकूड संपतं अन् दुसऱ्या तासाला वर नुसती राख.

कणीक लावायची नाही. दमात वाफ कोंडायची असते, इथं थोडी वाफ सुटायलाच पाहिजे. नाहीतर आत उकडलेलं मटण अन् पातळ रस्सा. झाकणाच्या कडेला राख ओढून घेतली की तेवढी अडवणूक पुरे.

कडबाकुट्टी
मंडळी, एवढं नेमकं सांगितलंत, आभार. अजून दोन-तीन. वाईन घरात चालणार नाही, त्याऐवजी काय? तमालपत्र म्हणजे आपलं किराण्यातलंच ना? अन् घरचे म्हणताहेत थोडा काळा मसाला तरी लावा, नाहीतर 'फिक्कं' होईल.

पितळी_पळी
वाईनऐवजी १५० मिली गरम पाण्यात १ मोठा चमचा साधं व्हिनेगर अन् चिमूटभर साखर. लिंबू उष्णतेत कडवट होतं, ते शेवटी वरून पिळा. गरम पाणीच घ्या. थंड ओतलं तर तापलेला थाळा गार पडतो अन् पंधरा मिनिटं वाया जातात.

तमालपत्र तेच नाही. किराण्यातल्या पानाला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात अन् वास दालचिनीकडं झुकतो. भूमध्य समुद्राकडच्या लॉरेलच्या पानाला मधे एकच शीर, वास वेगळा. मोठ्या शहरातल्या दुकानात लॉरेल मिळतं. नाही मिळालं तर आपलं पान एकच घाला, चार घालू नका, मटणाला पुलावाचा वास येईल. रोझमेरी रोपवाटिकेत मिळते. वाळलेली असेल तर २ चमचे, अन् ती चोळून तेलात मिसळूनच घाला.

काळा मसाला नको. नावाखातर म्हणत नाही. कोरड्या आचेत मसाल्याची पूड मटणाच्या वर जळते, कडू लागते, अन् पेक्यातलं मटण-बटाट्याच्या रसाचं सूत बिघडतं. तिखटाचीच हौस असेल तर गर्दनीचा वेगळा रस्सा करा येसर घालून, अन् दोन्ही पानात वाढा.

रोडगे_विशेषज्ञ
निखाऱ्यांबद्दल थोडं. बाभूळ कमी पडली तर गोवऱ्या चालतात, आमच्याकडं रोडगे त्यावरच भाजायलेत. पण पेक्याला गोवरी पूर्ण जळून, धूर थांबून, लाल आर झाल्यावरच वर ठेवा. अर्धवट जळालेली गोवरी म्हणजे सगळ्या मटणाला तोच वास. गोवरीचा आर बाभळीपेक्षा मंद अन् एकसारखा असतो, म्हणून शेवटच्या तासाला बरा, पहिल्या फेरीला नाही. रंग यायला सुरुवातीला जोर लागतो.

एका गोष्टीवर मात्र पितळी_पळींशी जमत नाही. उस्मानाबादी बोकड वर्षाच्या पुढचं असेल तर सव्वादोन तासात होत नाही. पहिली फेरी दीड तास धरा, दुसरी सव्वा तास. वय दुकानात विचारा, नाहीतर रंग पहा. गडद लाल मांस म्हणजे जून.

पितळी_पळी
मान्य, जून बोकडाला पावणेतीन तास. पण मग भाज्यांवर १०० मिली गरम पाणी सुरुवातीलाच शिंपडा, नाहीतर कांदा कोळसा होईल. झालं का ते घड्याळावर ठरवू नका. दस्तच्या हाडाला धरून हलकं पिळा, मांस सुटून फिरलं की झालं. सुरी टोचून बघायची गरज नाही.

लातूर_फ्लॅट
शेत नाही, फ्लॅट आहे, त्यांच्यासाठी. ओव्हनमध्ये पेक्याचा धूर येत नाही, पण शिजणं बऱ्यापैकी जमतं. खोल ट्रे, तीच मांडणी, वर फॉइल घट्ट, १६५ अंशाला दोन तास. मग फॉइल काढून मटण उलटा, रस जास्त असेल तर काढून छोट्या पातेल्यात आटवा, अन् २२० अंशाला २०-२५ मिनिटं. कुकरमध्ये करू नका, मऊ होईल पण भाजल्याची चव शून्य. मायक्रोवेव्हच्या 'कन्व्हेक्शन'मध्ये २.५ किलो मावत नाही, दीड किलो घ्या.

ज्यांना रस्साच पाहिजे त्यांनी स्लाव्होनियाचा (क्रोएशियाचा पूर्व भाग) 'चोबानत्स' करावा. तो लोंबत्या कढईत, गोड अन् तिखट दोन्ही पाप्रिका (तिकडची लाल मिरचीची पूड) घालून होतो, भाकरीबरोबर जमतो. पेका त्या कामाचा नाही.

आर_विस्तव
वाढण्याचं कुणी बोललं नाही. झाकण काढल्यावर थाळ्यात १० मिनिटं तसंच राहू द्या, रस बटाट्यात जिरतो. सोबत बारीक चिरलेला कोबी: मीठ लावून अर्धा तास, पिळून, व्हिनेगर अन् तेल. तिकडं ब्रेडनं रस पुसून खातात, आपल्याला ज्वारीची भाकरी चालते. रस खारट वाटला तर पाणी घालू नका, कोबीचं मीठ कमी करा.